नाव बदलले आहे

या लिखाणात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. याला कुणी सभ्यपणा म्हणू नये, हा धसका आहे. खरं नाव लिहायला मी भिते, आणि खोटं नाव लिहायला त्याहून जास्त भिते. का ते सांगते.

मी पाटोद्याची. माहेर आष्टीकडचं, पण आता माहेराला पाहुणी आणि इथं जुनी झाले. नवऱ्याचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे आणि मी बातम्या लिहिते. लिहिते म्हणजे नोकरी करते असं समजू नका. जिल्ह्याच्या एका दैनिकाची मी वार्ताहर आहे. ओळखपत्र आहे, ते गळ्यात अडकवायला पट्टाही आहे. नेमणुकीचं पत्र मात्र इतक्या वर्षांत कुणी दिलं नाही आणि आता मागायचीही लाज वाटते. पुढाऱ्याचा वाढदिवस जवळ आला की कार्यालयातून फोन येतो, "मॅडम, जाहिरातीचं बघा." बातमीचं बघा असं म्हणणारा फोन मला तरी आठवत नाही.

तालुक्यातले बाकीचे पत्रकार सगळे पुरुष. पत्रकार परिषदेत मला पुढची खुर्ची देतात, चहा आधी देतात, मॅडम-मॅडम करतात, आणि नंतर बाहेर टपरीवर उभे राहून खरं काय ते आपसात बोलून घेतात. एकानं बातमी लिहायची, ग्रुपवर टाकायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पेपरला तीच धाडायची, ही आमच्याकडची रीत. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पगार नाही, पेट्रोल नाही, तर प्रत्येकानं वेगळी बातमी कशाला आणायची? मीही तेच करते. उगाच शहाणपण सांगत नाही.

माझं दुसरं काम आहे पाहुणे फिरवायचं. आमच्या घरात त्याला तसंच म्हणतात. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला जोडपीच्या जोडपी ऊस तोडायला जातात, पार कर्नाटकापर्यंत, आणि उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, असे कोयते मिळून एक टोळी, आणि टोळीवर मुकादम. हे सगळं जगाला माहीत झाल्यापासून बाहेरचे पत्रकार इकडं यायला लागले. त्यांना गावात नेणारं, बायकांत बसणारं, मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करणारं कुणीतरी लागतं. मी इंग्रजी घेऊन बीए झाले होते. कुणीतरी कुणाला माझा नंबर दिला, त्यानं पुढच्याला दिला. नवरा गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता म्हणायचा, "आज कोणत्या देशाचं पाहुणं?" आणि गिऱ्हाईकही हसायचं. दोघांकडंही मी खाऊ की गिळू अशी बघायची.

सुरुवातीला मला वाटायचं, हे परदेशी लोक म्हणजे मोठं प्रस्थ. मोठी गाडी, मोठा पगार, मागं मोठं कार्यालय. कसलं काय! आलेल्यांपैकी बहुतेक माझ्यासारखेच सुटे. कुणाच्या मागं कुणी नाही. स्वतःच्या खर्चानं यायचं, बातमी करायची आणि मग ती कुणी घेतंय का बघत बसायचं. मोबाईल हातात धरून उत्तराची वाट बघणारा चेहरा मी इतक्या देशांच्या माणसांचा बघितलाय की आता मला तो लांबून ओळखू येतो. आरशात तर रोजच दिसतो.

त्यातली एक पोर्तुगालची होती. तिला मी पाहुणीच म्हणेन. माझ्याहून लहान, उन्हानं लालबुंद झालेली, आणि एसटीनं आलेली. स्टँडजवळच्या लॉजवर उतरली. पहिल्या दिवशी घरी जेवायला बसवलं तर तिला मांडी घालता येईना, एक पाय लांब करून ताट मांडीवर घेतलं आणि भाकरी कुस्करून दुधात खाल्ली. गावाला जाताना एसटीत मी विचारलं, "नोकरी कुठं आहे तुमची?" तर म्हणाली, "कुठंच नाही. सकाळी मुलांना इंग्रजी शिकवते, दुपारनंतर पत्रकार असते." तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच उसनं. त्यामुळं आम्ही दोघी सावकाश आणि सोपं बोलायचो आणि आमचं फार बरं जमलं. आजारी पडलं तर काय, म्हातारपणी काय, हे मी विचारलं तर तिनं तेच मला उलट विचारलं. मग दोघी हसलो.

गाव पाटोद्याहून लांब नाही. महादेवाचं देऊळ, देवळापुढं जोडीनं उभ्या दोन दीपमाळा. आमच्या भागात दुसऱ्या कुठल्या गावात तशा जोडीच्या दीपमाळा नाहीत, हे पुढं नडलं. तिथं आम्ही बऱ्याच बायकांशी बोललो, पण खरं बोलली एकच. ती तिशी ओलांडलेली, लेकरं असलेली बाई. तिला मी बोलणारी म्हणते. दुपारची वेळ, नवरा बाहेर गेलेला, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं शांतपणे सांगितलं. मागच्या साली कारखान्यावर असताना पोटातलं पोर गेलं. कपडे भिजले होते, उभं राहता येत नव्हतं. मुकादमाला निरोप पाठवला, दवाखान्यात न्या. मुकादम म्हणाला, "गाडी भरून होऊ दे, मग जा." तिचा नवरा भांडला तर त्याला म्हणाला, तुझीच बायको बाई हाय का, सगळ्याच बायका हायेत. गाडी भरेपर्यंत ती बांधावर पडून राहिली.

सांगून झालं आणि तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "ताई, माझं नाव येऊ देऊ नका. पुन्हा त्याच्याच टोळीत जायचंय."

मी शब्द दिला. पाहुणीला सांगितलं, तिनंही छातीवर हात ठेवून शब्द दिला. आणि तो पाळला बरं का. फोटोत फक्त हात घेतले, ते मी स्वतः तपासले. लिहिताना तिनं "एक बाई" एवढंच लिहिलं.

लेख गणपतीच्या सुमाराला आला, परदेशातल्या एका मोठ्या संकेतस्थळावर. तिथं कचेरीत बसणाऱ्या माणसाला "एक बाई" पसंत पडलं नाही म्हणे. वाचकांना जीव लावायला नाव लागतं. त्यानं महाराष्ट्रातल्या बायकांची नावं अशी यादी कुठूनतरी शोधली, एक नाव उचललं आणि टाकून दिलं. तळाला बारीक अक्षरात ओळ दिली, नाव बदलले आहे. पाहुणीनं हे लेख आल्यावरच बघितलं. नियमाप्रमाणं त्यात चूक काही नव्हती. मीही वाचलं. नाव अगदी आपल्याकडचं होतं, घरटी एक सापडेल असं. मला बरंच वाटलं, म्हटलं निदान कुठलं चित्रविचित्र नाव तरी नाही दिलं.

मग पुण्याच्या एका पोर्टलनं त्या लेखाचं मराठी केलं. दीपमाळा आल्या, त्यावरून गाव ओळखू आलं, मुकादम आला, नाव आलं. तळाची बारीक ओळ तेवढी गळाली.

आठवड्याभरात एक तरुण दुकानावर आला. मी मागच्या खोलीत बसून पंचायत समितीची बातमी लिहीत होते. नवऱ्यानं हाक मारली. तो तरुण पायरीवरच उभा होता, फोन पुढं धरलेला.

"ताई, हे तुमी लिव्हलं का?"

"मी नाही, पण मी बरोबर होते. का?"

"हे माझ्या बायकूचं नाव हाय."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मी म्हणाले, "अहो, हे खोटं नाव आहे."

"खोटं कसं? तिचं हेच नाव हाय. आमच्या टोळीत या नावाची ती एकलीच. आन् ती तुमाला भेटली बी न्हाई. त्या दिशी ती माहेरी गेलती, धर्मापुरीला." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत चालला. "मुकादमानं सांगितलंय, यंदा तुमची जोडी नको. दुसऱ्याकडं गेलो तर त्यो इचारतो, पहिल्यानं का म्हून सोडलं? आन् आमचा मुकादम समद्या मुकादमांना हे फोनवर दाखिवतोय. आमी करायचं काय आता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला, आवाज आला. नवऱ्यानं त्या पोराला आत बसवलं, पाणी दिलं. त्याच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन, म्हातारे आईबाप आणि एक तान्हं पोर. ऊसतोडीला गेले नाहीत तर वर्ष काढायचं कशावर, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या तालुक्यात ते सगळ्यांना न सांगता समजतं. त्याच्या बायकोला मी इथून पुढं नाववाली म्हणते.

मग सुरू झाली माझी पळापळ. आधी पुण्याच्या पोर्टलला फोन. बऱ्याच प्रयत्नांनी ज्यानं भाषांतर केलं तो सापडला. कोवळा आवाज. "मॅडम, मी नोकरीत नाही हो, लेखागणिक काम करतो. मूळ इंग्रजीत बदल झाल्याशिवाय मला इथं हात लावता येत नाही. मलाच काढतील." मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण तोंड मिटलं. त्याला काय सुनावायचं? तोही आमच्याच पंगतीतला.

पाहुणीला फोन केला तर ती रडायलाच लागली. ज्या माणसानं तिचा लेख घेतला होता तो मधल्या काळात तिथून गेला होता. त्याच्या पत्त्यावर मेल पाठवला की यंत्राचंच उत्तर यायचं. दुसऱ्या पत्त्यावर पाठवला, तिसऱ्यावर पाठवला. "मला तिथं कुणी ओळखतच नाही," ती म्हणाली, "लेख आवडला होता त्यांना, मी नाही." मग तिनं मला त्यांच्या एका ग्रुपवर घेतलं. देशोदेशीचे सुटे पत्रकार होते त्यात, केनियाचा एक, फिलिपिन्सची एक, अर्जेंटिनाचे दोघे-तिघे, आणखी कितीतरी. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं आणि विचारलं, दुरुस्ती कशी करून घ्यायची? बघता बघता उत्तरं आली. सगळ्यांनी मनापासून लिहिलं आणि सगळ्यांचं मिळून म्हणणं एकच होतं, की मेल पाठवत राहा. केनियावाल्यानं लिहिलं, आमच्याकडं अशा कामात गाडी चालवणाऱ्यालाही धरून नेतात आणि ज्याच्यासाठी काम केलं तो फोन उचलत नाही. फिलिपिन्सवालीनं नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. सगळं वाचून मला राग यायला हवा होता, पण आला नुसता थकवा. जग एवढं मोठं, आणि सगळीकडं वरच्या मजल्यावर तोच एक माणूस बसलाय की काय, जो फोन उचलत नाही.

दसरा झाला. टोळ्या जुळायला लागल्या. मी मुकादमाकडं गेले.

मुकादम म्हणजे काही सिनेमातला खलनायक नव्हे. पन्नाशीचा, अंगानं सुकलेला माणूस. त्यानंही उमेदीची वर्षं कोयताच धरलेला. ओट्यावर बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी म्हणाले, "त्या मुलीनं काही सांगितलेलं नाही. ते नाव बदललेलं आहे. परदेशात बसून कुणीतरी टाकलेलं नाव आहे ते."

"पेपरात खोटं कोण छापील, मॅडम?"

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण पेपरावर एवढा विश्वास असलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"नाव खोटं, बाकी खरं," मी म्हणाले.

त्यानं तळहात एकमेकांवर चोळले. मग म्हणाला, "असं मी कुणाला म्हणलतो, तेच आठवंना मला. लई डोकं खाजवलं." आणि मला दिसलं की तो खरंच बोलत होता. त्याला आठवत नव्हतं, कारण तो हे एकीलाच म्हणाला नव्हता. माझ्या हातातला चहा गार झाला.

"बरं, तुमी म्हणता तसं धरू," तो म्हणाला. "नाव बदलेल हाय. मग बोललं कोण? तेवढं सांगा, हिला आत्ता टोळीत घेतो."

"ते नाही सांगायची."

"मग माझ्याकडं कशाला आलता? हिला घरी म्या बसिवलं न्हाई, मॅडम. तुमी बसिवलं."

असं कुणी तोंडावर बोललं की मी एरवी सोडत नाही. त्या दिवशी चप्पल घातली आणि खाली उतरले.

तशीच बोलणारीच्या घरी गेले. तिला सगळं ठाऊक झालेलं होतं. चूल पेटवत होती, फुंकणी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मी जाऊन सांगू का, ताई, की मी बोलले म्हणून?" तिची लेकरं दारात गोट्या खेळत होती. तिनं एकवार तिकडं बघितलं. मी म्हणाले, "नको." माझ्या शब्दापायी नको म्हणाले की तिच्या लेकरांपायी, मला आजही नीट सांगता यायचं नाही. तिनं पुन्हा फुंकणी उचलली. घर धुरानं भरलं आणि दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं, ते धुराचं म्हणून खपून गेलं.

परत येताना एसटीत मला पहिल्यांदा वाटलं, बास. दुकानात बसावं, तूरडाळ जोखावी. डाळीला कुणी नाव विचारत नाही. हे मी नवऱ्याला म्हटलं तर तो हसला नाही. म्हणाला, "बस की. पण तू गिऱ्हाइकाशी भांडशील." एवढं बोलून त्यानं मला चहा करून दिला.

आणि मग एक दिवस पाहुणीचा आनंदानं फुटलेला निरोप आला. दुरुस्ती झाली! तिचे मेल शेवटी कुणाच्या तरी हाती लागले होते. त्या नव्या माणसानं माफी मागितली होती, तत्परता दाखवली होती, आणि तक्रार असलेलं नाव काढून टाकलं होतं. पुण्याच्या पोरानंही लगेच मराठीत बदल केला. मला फोन करून म्हणाला, "झालं बघा, मॅडम." मी उघडून बघितलं. जुनं नाव गेलं होतं. त्याच्या जागी दुसरं नाव होतं. त्याच यादीतलं पुढचं असणार, तेही घरटी एक सापडेल असं.

मी डोकं धरून बसले. मेल्यांनो, नाव काढा म्हटलं होतं, बदला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाववालीच्या नवऱ्याचा फोन. "ताई, पटकन् या. मुकादम लई पेटलाय. तुमाला बोलवा म्हणतोय." त्याच्या आवाजात भीती होती, पण हसूही होतं, ते मला तेव्हा उमगलं नाही. मी स्कूटी काढली. वाटेत सगळे देव आठवून घेतले. म्हटलं आता तिसरीच कोण अडकली असेल.

देवळासमोरच्या पारावर गाव जमलेलं. मुकादम मध्ये उभा, तोंड लाल, हातात फोन. मला बघून ओरडलाच, "मॅडम! माझी बायकू तुमाला कवा बोलली?"

मला क्षणभर काही कळेना. मग त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला आणि डोक्यात उजेड पडला. नवं नाव त्याच्या बायकोचं होतं. पोर्तुगालच्या बाईनं लिहिलेल्या, परदेशी माणसानं दुरुस्त केलेल्या लेखात मुकादमाची बायको सांगत होती की मुकादमानं मला दवाखान्यात नेलं नाही.

पारावरचा एकजण म्हणाला, "वहिनींनी लई सोसलं म्हणायचं." मागं हशा पिकला. दुसऱ्यानं विचारलं, "मुकादम, कोणत्या कारखान्यावर नेलतं वहिनीला?"

"गप बसा रे!" मुकादम ओरडला. "ती आयुष्यात कारखान्यावर गेली न्हाई! हे पेपरवाले वाटंल ते नाव टाकत्यात! खोटं असतंय समदं नाव!"

मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात पाराच्या कडेला बसलेला एक म्हातारा बोलला. मुकादमाहून वयानं मोठा, पूर्वी दोघांनी एकाच टोळीत कोयता धरलेला. मेंढरं हाकतो, मान वर करून फारसा बोलत नाही. तो म्हणाला, "तुझ्या बायकूचं खोटं, तर या पोरीचं खरं कसं रं?"

मुकादमानं म्हाताऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी त्याला "पेपरात खोटं कोण छापील" याची आठवण करून देणार होते, जिभेवर आलं होतं. आयुष्यात थोड्याच वेळा मी जीभ आवरलीय, त्यातली ही एक. तो फोन खिशात घालून निघाला. चार पावलं जाऊन नाववालीच्या नवऱ्याला म्हणाला, "बिस्तरा बांधून ठिवा. तुमची बी जोडी हाय."

एवढंच. आमच्या सगळ्यांच्या मेलांनी जे झालं नाही ते दुसऱ्या चुकीनं झालं. पाहुणीला फोन करून सांगितलं तर ती आधी हसली, मग पुन्हा रडली, मग म्हणाली, यावर लिहायला हवं. मी म्हणाले, बाई गं, आता काहीच नको.

टोळी निघाली त्या दिवशी मी गेले होते. बातमीसाठी नव्हे. दरवर्षी तीच बातमी असते, मागच्या वर्षीचीच काढून धाडली तरी कुणाला समजत नाही. देवळासमोर ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती, एक शेळी, लेकरं. म्हाताऱ्या माणसांना मागं ठेवून तरणी माणसं चढत होती. बोलणारी आधीच वर बसलेली, गाठोड्याला टेकून. तिनं मला बघितलं आणि नजर वळवली. बरोबरच केलं.

नाववाली खाली उभी होती. तिला मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं, इतके दिवस तिच्या नवऱ्याशीच बोलणं. पोरगीच होती. कडेवर तान्हं.

"ताई, लई पळापळ केली तुमी माझ्यापायी."

"मी कसली. उलट आमच्यामुळंच तुला..."

"मला ठाव व्हतं," ती हळूच म्हणाली. "कोण बोललं ते."

तिनं मानेनंच ट्रककडं खूण केली.

"आमच्या राहायच्या कोप्या शेजारी शेजारीच की कारखान्यावर. त्या दिशी तिच्या वाटच्या मोळ्या मीच वाहिल्या गाडीवर. यांनी वाचून दाखिवलं तवाच समजलं मला."

"आणि मुकादमाला सांगितलं नाहीस? अगं, एका शब्दात सुटली असतीस! का नाही सांगितलंस?"

तिनं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तुमी सांगितलं का?"

ट्रकवरून बोलणारीनं हात खाली केला. "चढ गं बाई, जागा धरून ठिवलीय." नाववालीनं आधी पोर वर दिलं, मग चाकावर पाय ठेवून तो हात धरला आणि चढली. दोघी एकाच गाठोड्याला टेकून बसल्या. मुकादम पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि ट्रक हलला.

धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. पाटोद्यात मी, पुण्यात तो पोरगा, पोर्तुगालात पाहुणी, केनियात आणि फिलिपिन्समध्ये कोण कोण, एवढे सगळे आठवडेच्या आठवडे झटलो होतो, आणि आमच्या मनासारखं झालं होतं. ती पोरगी तान्हं घेऊन ऊस तोडायला गेली होती, त्याच मुकादमाच्या टोळीत.